एकोणतीस पानांची बाकी

आमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे, आणि काचेखाली किराणा दुकानाच्या कॅलेंडराचा एक पुठ्ठा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेनाने नऊ ओळी लिहिल्या आहेत. पहिली २१४७४८३६४७, दुसरी ४२९४९६७२९४, अशी शेवटची १९३२७३५२८२३. येणारे-जाणारे विचारतात, खाते नंबर आहेत का म्हणून. मी बँकेत ३३ वर्षं काढली, तेव्हा शंका रास्तच. पण तो एका संख्येचा नऊपर्यंतचा पाढा आहे, आणि त्या पाढ्यापायी माझे जुलै आणि ऑगस्ट गेले.

सुरुवात भाचीने केली. ती पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, जूनच्या शेवटी चार दिवस आमच्याकडे मिरजेला आली होती. आमच्या शाखेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा कशी तारांबळ उडाली होती ते मी तिला सांगत होते. ती म्हणाली, "मावशी, अजून एक तारांबळ बाकी आहे. १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला जुन्या सिस्टिमची घड्याळं उलटणार."

झालंय असं, की ही घड्याळं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. मोजायला ३२ खण. एक खण अधिक-वजा चिन्हाचा, उरले ३१. सगळ्या खणांत एक-एक भरला की संख्या होते २ चा ३१वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७. त्यापुढे जागा नाही.

"आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही."

"कशावरून?"

तिने फोन हातात घेतला. मी म्हटलं, फोन राहू दे. मशीनने टोटल दिली आणि आम्ही डोळे झाकून सही केली, असं मी नोकरीत कधी केलं नाही. कागदावर कसं कळायचं ते सांग.

मग तिने ऑयलर या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. १७७२ साली, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले असताना, त्याने ही संख्या मूळ असल्याचं डॅनियल बर्नुलीला पत्राने कळवलं. तेव्हा ना कॅल्क्युलेटर, ना काही. पुढे जवळपास शंभर वर्षं याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नव्हती. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तर, हिच्यापासून तयार होणाऱ्या परिपूर्ण संख्येपलीकडे (परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी) कुणी जाणार नाही, असं लिहून टाकलं. कारण काय, तर या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य. उपयोग नसलेल्या गोष्टी माणसं करणार नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने निवृत्त माणसं पाहिलेली नसावीत.

आंधळ्या माणसाने केलं तर मला चष्मा लावून जमायला काय हरकत आहे, असं वाटलं. अंगात किडा असतो एकेकाच्या.

आधी ऑयलरच्याच वाटेने गेले. सरळ पद्धत अशी की संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ येतं ४६३४० आणि वर थोडं. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत सुमारे ४,८००. तेवढे भागाकार करायचे तर मला २०३८ उजाडलं असतं. पण या संख्येचा विभाजक कसा दिसेल यावर मोठं बंधन आहे, हे ऑयलरने ओळखलं. विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे. बाकीच्यांकडे बघायचंही कारण नाही. एका झटक्यात यादी ३७३ वर आली. त्यातल्या ३ ने, ५ ने, ७ ने जाणाऱ्या खोडल्या की आणखी आक्रसते.

पहिला उमेदवार ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. मग १३०३, बाकी २२६. १४८९, बाकी १९९. २५४३, बाकी १५२३. चार भागाकार झाले आणि माझं पेन थांबलं.

कंटाळा नव्हता आला. मनात आलं, समजा यातल्या एखाद्या भागाकारात माझी चूक झाली. बाकी शून्य यायला हवी होती आणि मी ३५ लिहिली, तर कुठे कळणार? कुठेच नाही. प्रत्येक भागाकार सुटा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शेकड्याने सुट्या पावत्या आणि बेरीज लावायला खालची ओळच नाही. शेवटी मी म्हणणार, कशानेच भाग गेला नाही, म्हणून मूळ. ऑयलरने म्हटलं तर ठीक आहे. माझ्यावर माझा तेवढा विश्वास नाही. बँकेतल्या माणसाला टॅली लागते. दिवसाच्या शेवटी दोन बाजू जुळल्या, की कोणत्याही एका पावतीवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

हे भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुला लूका-लेमर पाहिजे," आणि रात्री व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या अर्ध्या पानाचा फोटो पाठवला.

एदुआर लूका हा फ्रेंच. १८७६ मध्ये त्याने २ चा १२७वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. यंत्राशिवाय सापडलेली याहून मोठी मूळ संख्या आजतागायत नाही. १९३० मध्ये लेमर नावाच्या अमेरिकनाने त्याच्या रीतीला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ती फक्त 'दोनचा घात वजा एक' या घराण्यातल्या संख्यांना चालते. सांगायला पोरखेळ आहे: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचा वर्ग करा, २ वजा करा, भागा, बाकी ठेवा. घातांक ३१, म्हणून हे ३१ वजा २, एकोणतीस वेळा. एकोणतिसाव्या वेळी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर नाही.

वजा दोन कुठून आले, हे मला कळल्याशिवाय चैन पडेना. ते शाळेतल्याच गणिताने कळतं. २+√३ आणि २−√३ अशा दोन संख्या घ्या. त्यांची बेरीज ४ आणि गुणाकार १. बेरजेचा वर्ग केला तर दोघांचे वर्ग मिळतात आणि वर दोन गुणिले दोघांचा गुणाकार. गुणाकार तर १ आहे. म्हणून २ काढून टाकले की दोन वर्गांची नुसती बेरीज उरते. पुढच्या पायरीला चौथे घात, मग आठवे. म्हणजे आपण त्या दोन संख्यांचे घात दुप्पट-दुप्पट वाढवत चाललोय आणि वर्गमुळाचं नावही काढावं लागत नाही. ही बेरीज नेमकी शून्यावर का येऊन बसते, त्याची सिद्धता मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पटली. इथे मांडण्याइतकी ती माझी झालेली नाही.

मला आवडलं ते वेगळंच. यात सुट्या पावत्या नाहीत. चालू खातं आहे. एका पानाची बाकी पुढच्या पानाच्या डोक्यावर. 'मागील पानावरून पुढे', 'बाकी पुढे', आयुष्यभर मी हेच लिहिलं. इथे तर भागाकाराची बाकी आणि खात्याची बाकी हे दोन्ही शब्दही एकच.

शाळेतल्या पोरांची चौकटींची वही आणली. एका चौकटीत एक आकडा, एका पायरीला एक पान. पुठ्ठ्यावर पाढा लिहिला, म्हणजे भागाकार करताना गुणाकार नको, नुसतं बघायचं आणि वजा करायचं.

पहिली चार पानं म्हणजे नुसती चेष्टा. ४ चे १४, १४ चे १९४, १९४ चे ३७६३४, आणि त्याचे १४१६३१७९५४. इथवर भागायचीसुद्धा वेळ येत नाही, कारण संख्या अजून आपल्या संख्येहून लहान आहे. हे म्हणाले, "झालं की! एवढ्यासाठी वही आणली?"

पाचवं पान. १४१६३१७९५४ चा वर्ग. दहा आकडे गुणिले दहा आकडे, एकाखाली एक दहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, आणि मग उभ्या बेरजा, ज्या तीस-चाळीसच्या पुढे जातात. उत्तर २००५९५६५४६८२२७४६११६. शेवटच्या सहाचे चार केले. मग भागाकार: ९३४०९६३०८. बाकी ६६९६७०८३८. पावणेदोन तास लागले. पाठ अवघडली. पानावर एक इंच जागा उरली नव्हती.

पण ते पान तपासायचं कसं? उत्तर आपल्याकडे होतंच: नवाचा ताळा. संख्येतल्या आकड्यांची बेरीज करत एका आकड्यावर यायचं. लहानपणी अण्णांनी शिकवलेला, नोकरीत रोज वापरलेला. आणि इथे नशीब असं की २१४७४८३६४७ च्या आकड्यांची बेरीज ४६, त्याचे १०, त्याचा १. भाजकाचा ताळा एक! म्हणजे गुणायचीही गरज नाही, नुसती भागाकाराच्या आणि बाकीच्या ताळ्यांची बेरीज घ्यायची. पाचव्या पानावर वरच्या संख्येचा ताळा ५. वर्ग २५, वजा २, तेवीस, म्हणजे ५. खाली भागाकाराचा ६, बाकीचा ८, मिळून १४, म्हणजे ५. जुळलं. कोपऱ्यात बरोबरची खूण.

सहाव्या पानाची बाकी निघाली १९३७२५९४१९, आणि हिचा वर्ग करायचा या विचारानेच मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत लक्षात आलं, ही रक्कम पूर्ण संख्येला जेमतेम २१०२२४२२८ नेच कमी आहे. जमेला मोठी रक्कम धरण्याऐवजी नावे बाजूला लहान धरली तर? वर्ग करताना वजाचं अधिक होतंच. बाकी तीच येणार. तेव्हापासून नियम केला, अर्ध्यापेक्षा मोठी बाकी आली की तिची तूट घ्यायची. एखाददुसरा आकडा वाचतो, तसा कधी दहा मिनिटं, कधी वीस. भाचीला मोठ्या ऐटीत सांगितलं. "हो मावशी, असं करतात," म्हणाली. हवा काढून घ्यायची पद्धत असते मुलांची.

मग लय लागली. दुपारी एक पान, लाईट असतील तर रात्री एक. बाहेर पाऊस. रोज सकाळी हे कृष्णेचं पाणी किती फूट चढलं ते वाचून दाखवायचे, आणि मी सांगायचे कितवं पान झालं. "एवढ्या वेळात एखादी एफडी मॅच्युअर झाली असती," हे त्यांचं त्यावरचं मत. पानाचा वेळ तासावर आला, मग पन्नास मिनिटांवर. काही पायऱ्या कृपाळू निघाल्या. नवव्या पानाची बाकी आठच आकडी आली, त्या दिवशी मी उपवासाला पुरणपोळी मिळाल्यासारखी खूश होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकोणतिसावं पान झालं. एकोणतीसही पानांच्या कोपऱ्यात ताळ्याची खूण होती. आणि बाकी शून्य नव्हती.

शून्याच्या जवळपाससुद्धा नाही. एक लांबलचक, निर्विकार संख्या.

मी बराच वेळ वही मिटून बसले. ऑयलर चुकला नव्हता, म्हणजे मी चुकले. पण कुठे? या रीतीचा हाच दुष्टपणा आहे. एका पानावर एक आकडा हलला की पुढची सगळी पानं वाया, आणि शेवटची संख्या चुकीविषयी अवाक्षर बोलत नाही. ती १ असती तर थोडक्यात हुकलं, असंही नाही. इथे थोडक्यात हुकणं हा प्रकारच नाही.

खरोखर मूळ नसलेल्या संख्येची हीच परीक्षा घेतली तरी असंच होतं, हे मला तेव्हा उमगलं. नुसतं 'नाही' एवढंच कळतं, विभाजक कोणता ते नाही. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली या घराण्यातल्या मूळ संख्यांची यादी दिली, तीत ६७वा घात होता. १८७६ मध्ये लूकाने दाखवलं की ती मूळ नाही. मग तिचे अवयव? सत्तावीस वर्षं कुणालाच माहीत नव्हते. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत उठला, फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ करून दाखवलं आणि, असं सांगतात, एक शब्द न बोलता जाऊन बसला. ते अवयव शोधण्यात गेलेल्या त्या माणसाच्या रविवारांचा विचार करून मला जरा धीर आला.

धीर आला तशी नोकरीतली बुद्धीही परत आली. जुन्या काळी लेजरचं बॅलन्सिंग करताना फरक निघाला, की आमचे हेड कॅशियर पहिला प्रश्न विचारायचे, "नवाने जातो का?" जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत: ५४ चे ४५, ७२० चे २७०. उलटापालट झाली की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो. फरक दोनने जात असेल तर एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडलीय का बघा. हे दोन नियम शिकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला लेजरला हात लावू देत नसत.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. उलटापालटीचा फरक नवाने जातो, म्हणजेच नवाच्या ताळ्याला उलटापालट दिसतच नाही! ज्या गुणामुळे बँकेत ती चूक सापडायची, त्याच गुणामुळे इथे ती लपली होती. तेहतीस वर्षं हा नियम तोंडपाठ असून मला त्याची दुसरी बाजू ठाऊक नव्हती. हातात कंदील होता, त्याच्याखालचा अंधार मात्र पाहिला नव्हता.

मग अकराचा ताळा काढला. उजवीकडून एक आकडा अधिक, एक वजा, असं जायचं. अकराच्या वर गेलं की अकरा टाकायचे. यात शेजारचे दोन भिन्न आकडे अदलाबदल झाले की उत्तर बदलतंच. आणि नशीब पुन्हा दारात: २१४७४८३६४७ चा अकराचा ताळाही एकच येतो. (भाची म्हणाली यात नशीब नाही, दोनच्या घातांचं ते चक्रच असतं. असू दे. मला दोन्हीकडे एक मिळाला.)

पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक बाकीखाली अकराचा ताळा, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर उतरवलेल्या संख्येखाली पुन्हा नव्याने. एक ते नऊ पानं जुळली. नवव्याच्या तळाशी बाकी १२६९२४२६. सहा वजा दोन, अधिक चार, वजा दोन, अधिक नऊ, वजा सहा, अधिक दोन, वजा एक: दहा. पान उलटलं. दहाव्याच्या डोक्यावर त्याच संख्येचा ताळा आला सहा.

दोन्ही पानं शेजारी धरली तरी लगेच दिसेना. १२६९२४२६. १२६९४२२६. चोवीसचे बेचाळीस.

ती आठ आकडी कृपाळू पायरी! दहा आकडी राक्षसांशी लढताना मी प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत होते, आणि सोपी आली तेव्हा पुरणपोळीच्या आनंदात नुसत्या नजरेने उतरवली. फरक १८००, नवाने जाणारा, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा. दहाव्या पानाची बाकी २०४४५०२१२२ यायला हवी होती, माझी आली होती ४९५८३५४८८. तिथून पुढची वीस पानं निर्दोष अंकगणिताची होती, आणि सगळी रद्द.

भाचीला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ती हसली नाही. म्हणाली, हे कॉम्प्युटरचंही होतं. या घराण्यातल्या प्रचंड संख्या शोधण्यासाठी जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर कामाला लावतात, १९९६ पासून हा उद्योग चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली संख्या ४ कोटी १० लाख आकड्यांहून मोठी आहे. तिथेही कधीतरी मेमरीत एखादा आकडा उलटतो आणि सगळं गणित वाया जातं. म्हणून एकाने केलेली परीक्षा दुसऱ्या मशीनवर पुन्हा करून शेवटची बाकी जुळवायचा रिवाज होता, आणि आता मधल्या टप्प्यांवर ताळा घेणाऱ्या रीती निघाल्यात. मेकर-चेकर! आमच्याकडे पन्नास हजारांच्या व्हाउचरलाही दोन सह्या लागायच्या. मला एकदम ते लोक आपले वाटायला लागले.

नवी वही आणली नाही. जुन्यातच दहाव्या पानावर लाल पेनाने तिरकी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, सही केली, आणि एकोणतिसाव्यानंतरच्या कोऱ्या पानावर पुन्हा दहावं पान घातलं. तूट १०२९८१५२५, अकरावं. आता प्रत्येक पानाला दोन ताळे, आणि बाकी पुढे नेताना मोठ्याने वाचायची. हे वर्तमानपत्रातून डोकं वर करून आकडे ऐकायचे. विसाव्या पानाच्या सुमारास तेच विचारायला लागले, "आजची बाकी किती?"

बाविसाव्याला पुन्हा आठ आकडी संख्या आली, २७२२०५९४. ती मी तीनदा वाचली.

अठ्ठाविसावं पान एका रविवारी सकाळी. सत्ताविसाव्याची बाकी ११८१५३६७०८, तिची तूट ९६५९४६९३९. वर्ग झाला, दोन वजा केले, भागाकार सुरू झाला. एकेक आकडा खाली घेत शेवटच्या ओळीशी आले: १९३२७४१८३५९. पुठ्ठ्यावर नववी ओळ बघितली: १९३२७३५२८२३. वजा करायला लागले तर डावीकडचे आकडे भराभर मरायला लागले. एकोणीस गेले, तीन गेला, दोन गेला, सात गेला. आजवरच्या सगळ्या पानांवर इथे नऊ-दहा आकड्यांचा जमाव उरायचा. आज उरले पाच. ६५५३६.

ही संख्या मी ओळखते! जुन्या एक्सेलमध्ये शीट याच ओळीला संपायची. शाखेची खाती एका शीटमध्ये मावेनात म्हणून आम्ही एकदा हेड ऑफिसला पत्र लिहिलं होतं, त्यात हा आकडा माझ्या हाताने टाइप केला होता. दोनचा सोळावा घात. एकोणतीस पानांच्या कोलाहलात ती अशी समोर येऊन उभी राहिली, जणू गर्दीच्या स्टँडवर माहेरचं माणूस.

हात थोडे थरथरत होते हे कबूल करते. एकोणतिसावं पान उघडलं. ६५५३६ चा वर्ग करायला पाच ओळी लागतात. ४२९४९६७२९६. सहाचे चार. ४२९४९६७२९४.

भागाकार करावाच लागला नाही. पुठ्ठ्यावरची दुसरी ओळ होती ती.

चुकून शून्य येण्याची शक्यता साधारण दोनशे कोटींत एक. वीस पानं पुन्हा तपासायची गरज नव्हती, तपासलीही नाहीत. पानाच्या तळाशी 'बाकी ०' लिहिलं, खाली दुहेरी रेघ, तारीख, सही. शेजारी सवयीने दुसऱ्या सहीची जागा सोडली होती. वही यांच्यापुढे सरकवली. यांनी चष्मा लावला, वर्तमानपत्राच्या कडेला २१४७४८३६४७ ला दोनने गुणून बघितलं, आकडा आकड्याशी जुळवला, आणि मग सही केली.